मातीआडचा गुण

भुईमूग उपटताना सगळ्यांची नजर शेंगांवर असते. वाफशावर आलेल्या रानात पाला मुठीत धरून झटका दिला की झाड मुळांसकट हाती येते, माती झाडली जाते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती लागल्यात? सुरगाण्याच्या हलक्या रानात काय किंवा येवल्याच्या काळ्या जमिनीत काय, प्रश्न तोच. मुळांवर, जिथून बारीक आडव्या मुळ्या फुटतात त्या बेचक्यांत, मोहरीएवढ्या गाठी चिकटलेल्या असतात. त्यांच्याकडे कुणी बघत नाही, आणि काढणीच्या वेळी बघण्यासारखे त्यांत फारसे उरलेलेही नसते. बघायचेच असेल तर पीक दीड महिन्याचे झाल्यावर, आऱ्या सुटून जमिनीत शिरत असताना, एखादे झाड मातीच्या ढेकळासकट खुरप्याने काढावे, मुळे पाण्यात धुवावीत आणि एक गाठ नखाने फोडावी. आत लालसर गुलाबी रंग निघाला तर गाठ कामावर आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती झाडाचे खाऊन नुसती बसली आहे.

तो लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतलाच, लेगहिमोग्लोबिनचा. झाडाला रक्तासारखे काही लागावे, याचे कारण एका अडचणीत आहे. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असला तरी त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की कोणत्याही झाडाला तो परस्पर घेता येत नाही. ती पकड सोडवणारे नायट्रोजिनेज हे विकर काही जिवाणूंपाशी असते, पण ऑक्सिजनच्या संपर्कात ते बाद होते. ते चालवायला मात्र नायट्रोजनच्या एका रेणूमागे एटीपीचे किमान १६ रेणू खर्ची पडतात आणि एवढी ऊर्जा श्वसनाशिवाय, म्हणजे ऑक्सिजनशिवाय, मिळत नाही. लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजनला मोकळे सोडत नाही, धरून नेऊन जिवाणूच्या दारात पोचवते. माणसाने हेच काम १९१३ साली जर्मनीत ओप्पाऊच्या कारखान्यात मोठ्या प्रमाणावर सुरू केले तेव्हा त्याला शेकडो वातावरणांचा दाब आणि चारपाचशे अंशांचे तापमान लागले. पेठ-सुरगाण्याच्या बांधावर ते आषाढाच्या गारव्यात होते.

द्विदल पिकांच्या गाठी हवेतला नायट्रोजन बांधतात हे हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी १८८६ मध्ये मांडले. दोन वर्षांनी बायरिंकने त्या गाठींतले जिवाणू वेगळे करून दाखवले. आपल्याकडे पुसा येथे एन. व्ही. जोशी यांनी या जिवाणूंवर काम केले ते १९२०च्या सुमाराला. शेतकऱ्याला परिणाम त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होता. कडधान्यांचा बेवड पुढच्या पिकाला मानवतो, हे सांगायला कोणी प्रयोगशाळा लागली नव्हती. भुईमूग मात्र या जुन्या जाणकारीत उशिरा आलेला पाहुणा. मूळचा तो दक्षिण अमेरिकेतला, बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाच्या बाजूचा. तिथल्या दोन रानटी जातींच्या संकरातून तो एकदाच उपजला असे त्याच्या जनुकांवरून दिसते. आपण त्याला इतके घरातले करून टाकले की आषाढी एकादशीला गहू चालत नाही, पण दाण्याचा कूट चालतो.

पैदास म्हणजे निवड आणि निवड म्हणजे पाहणे, अशी माझी समजूत आहे. पीक पैदासकार ओळीतून चालतो, थांबतो, एखाद्या झाडाला चिठ्ठी बांधतो. त्याच्या डोळ्याला जे दिसते तेच पुढच्या पिढीत उतरते. महाराष्ट्रातल्या भुईमुगाचा इतिहास हा अशा नजरांचा इतिहास आहे. कोपरगाव नंबर १, कोपरगाव नंबर ३, फैजपूर १-५, कराड ४-११ ही जुनी वाणे गावांची नावे मिरवतात. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रात परदेशातून आलेल्या बियाण्यातून निवडलेले जेएल-२४, म्हणजे फुले प्रगती, १९७०च्या दशकाच्या अखेरीस आले आणि देशभर पसरले. पुढे ते आफ्रिकेतही गेले. खानदेशातल्या एका केंद्रावरची निवड मलावीच्या शेतात उभी राहते, ही गोष्ट आपल्या कृषी-इतिहासात जेवढ्या ठळकपणे सांगायला हवी तेवढी सांगितली जात नाही. जेएल-२४मध्ये पाहिले काय गेले? लवकर येणे, उपटी ठेवण, शेंगांचा एकसारखेपणा.

दुसरी नजर तुर्भ्याची. भाभा अणुसंशोधन केंद्र नाशिककरांना ठाऊक आहे ते लासलगावमुळे. तिथल्या ‘कृषक’ केंद्रात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून गॅमा किरणांचा मारा होतो आणि २००७ साली अमेरिकेला गेलेला हापूसही तिथूनच किरणे खाऊन गेला. त्याच संस्थेने ‘स्पॅनिश इम्प्रूव्हड’ या भुईमुगाच्या बियाण्यावर क्ष-किरण सोडून उत्परिवर्तने मिळवली. त्यातले टपोऱ्या दाण्याचे टीजी-१ हे वाण १९७३ मध्ये ‘विक्रम’ नावाने बाहेर आले. पुढे अकोल्याच्या विद्यापीठाबरोबर टीएजी-२४ झाले (१९९१), राहुरीच्या नावाशी जोडलेले टीपीजी-४१ झाले (२००४). टीएजी-२४ बुटके, गर्द हिरव्या बारीक पानांचे. त्याची खरी कर्तबगारी अशी की झाड जे काही कमावते त्यातला मोठा वाटा ते पाल्यात न ठेवता शेंगेत घालते. उन्हाळी भुईमूग घेणाऱ्याला आणखी काय हवे!

या सगळ्या निवडींत मुळावरची गाठ कुठे होती? कुठेच नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गाठी नसत्या तर झाड पिवळे पडले असते आणि ते निवडलेच गेले नसते. पण निवड संशोधन केंद्राच्या शेतात होते. ती जमीन कसदार, शेणखत घातलेली. भुईमुगाला पेरतानाच हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद देण्याची शिफारस आहे. जमिनीत नत्र तयार मिळाले की द्विदल झाड गाठींवरचा खर्च आखडते, आणि त्यात शहाणपणच आहे. मग अशा रानात हजार झाडांतून उत्तम ठरलेले झाड नायट्रोजन बांधण्यातही उत्तम आहे की नाही, हे कळायला मार्ग राहत नाही. परीक्षाच झालेली नसते.

२००७ मध्ये सोयाबीनवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला, तो मला या बाबतीत फार बोलका वाटतो. टोबी कियर्स आणि तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतली सुमारे साठ वर्षांच्या पैदाशीतली जुनी-नवी वाणे घेतली आणि मुळांपाशी कामसू आणि कामचुकार अशा दोन्ही जिवाणूंचे मिश्रण दिले. जुन्या वाणांनी अशा भेसळीत बऱ्यापैकी निभावून नेले. नवी वाणे मागे पडली. सोयाबीन काम न करणाऱ्या गाठींना ऑक्सिजन तोडते आणि त्यांची वाढ रोखते, हे त्याच मंडळींनी आधी दाखवले होते. खताच्या पोटभर जमिनीत निवड होत गेली तशी ही पारख ढिली पडली असावी, असा त्यांचा निष्कर्ष. पारख गमावल्याचे कुणाला कळले नाही, कारण तिची गरजच पडत नव्हती.

भुईमुगात हे आणखी अवघड आहे. इतर बऱ्याच द्विदलांत जिवाणू मुळाच्या केसातून, झाडाने घडवलेल्या नळीवाटे आत शिरतो. प्रत्येक पावलावर ओळख पटवावी लागते. भुईमुगात तो आडवी मुळी फुटताना पडलेल्या भेगेतून शिरतो. दार जवळजवळ उघडेच. म्हणून महाराष्ट्राच्या बहुतेक जमिनींतले चवळी गटाचे जिवाणू, जे तुरीला, मुगाला, मटकीला चालतात, ते भुईमुगालाही चालतात. गाठी होतात, भरपूर होतात. त्यातल्या किती कामाच्या, हा वेगळा प्रश्न. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या जैविक नत्र स्थिरीकरण योजनेत तयार होणारे रायझोबियमचे पाकीट शेतकरी आणतो. दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून. बुरशीनाशक आधी, जिवाणू नंतर, सुकवायचे सावलीत. उन्हात सुकवले तर पाकीट मातीमोल. हे सगळे नीट करूनही ते जिवाणू जमिनीत पडतात तेव्हा तिथे आधीच कोट्यवधी रहिवासी असतात, आणि भेग त्यांच्या जास्त जवळ असते.

तरीही झाडाच्या बाजूने काही करता येते, याचा पुरावा आहे. सेन आणि वीव्हर यांनी टेक्सासमध्ये १९८०च्या दशकात एकाच जिवाणूची लागण, ३२एच१ नावाच्या उपप्रकाराची, भुईमुगाला आणि चवळीलाही केली. चवळीच्या गाठीत तो काठीसारखा लांबोळा राहिला. भुईमुगाच्या गाठीत फुगून गोल झाला, आणि गाठीच्या वजनाच्या हिशेबाने भुईमुगातच त्याने लक्षणीय अधिक नायट्रोजन बांधला. जीव तोच, घर बदलले. म्हणजे हा गुण जिवाणूचा एकट्याचा नाही, घराचाही आहे. आणि घर पैदासकाराच्या हातात आहे.

पण एकाच गुणाचे दोन मालक असले की पैदासकाराची वही गोंधळते. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संशोधन संस्थेत नंबियार आणि डार्ट यांनी एनसी-९२ नावाचा जिवाणू वापरून पाहिला. दक्षिण अमेरिकेतून गोळा झालेला, उत्तर कॅरोलायनातून आलेला. रोबट ३३-१ या वाणाला, जमिनीत आधीचे जिवाणू मुबलक असूनही, त्याने उत्पादनात वाढ दिली. सगळ्याच वाणांना तो तसा लाभला नाही. अमुक जिवाणू अमुक वाणाशी जुळतो, तमुकाशी नाही. झाड निवडायचे तर कोणत्या सोबत्यासह निवडायचे? आणि सुरगाण्याच्या रानातला सोबती निफाडच्या रानात भेटेलच, याची हमी कोण देणार?

मोजण्याची गोष्ट तर आणखी मजेची. झाडातले नत्र हवेतून किती आले आणि मातीतून किती, हे पाल्याकडे बघून सांगता येत नाही. त्यासाठी शेजारी असे झाड हवे, जे सर्व बाबतींत भुईमूगच असेल पण हवेतून काहीच घेत नसेल. दोघांतला फरक हीच गाठींची कमाई. असे झाड मिळाले ते अपघाताने. फ्लोरिडात १९७९ मध्ये आणि पुढे पाटणचेरूला संकरांच्या पुढच्या पिढ्यांत काही झाडे फिकट पिवळी निघाली. उपटून पाहिले तर मुळे गुळगुळीत. दोन अप्रभावी जनुके एकत्र आल्यामुळे ती गाठच धरत नव्हती. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती फेकून देण्याच्या लायकीची, पैदासकाराने एरवी पहिल्याच फेरीत बाद केलेली असती. पण तीच आता भुईमुगाच्या नायट्रोजन-मोजणीचा शून्य बिंदू झाली आहेत. वांझ झाडाशिवाय फलदायी झाडाची किंमत ठरत नाही, ही गंमत मला कोणत्याही तत्त्वज्ञानाच्या पुस्तकापेक्षा जास्त पटते.

जास्त गाठी म्हणजे जास्त नायट्रोजन, हा मोहही एकदा पारखून झाला आहे. ऑस्ट्रेलियात १९८५ मध्ये ग्रेसहॉफ आणि सहकाऱ्यांनी उत्परिवर्तनातून असे सोयाबीन काढले की जे नत्र दिले तरी गाठी धरायचे थांबवत नाही. मुळे गाठींनी लदलेली. झाड मात्र खुजे आणि उत्पादन कमी. पानांनी बनवलेली साखर गाठी खाऊन टाकत होत्या. झाडाने स्वतःला घालून घेतलेला लगाम पैदासकाराने काढला की असे होते.

पिवळेपणाचाही एक घोटाळा आपल्याकडचा. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत, विशेषतः उन्हाळी भुईमुगाला पाणी जास्त झाले की कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. हे लोहाचे दुखणे आहे. नत्र कमी पडले तर आधी खालची, जून पाने पिवळी होतात. फरक वाकून पाहिल्यावर कळतो, पण बांधावरून दिसतो तो नुसता पिवळा रंग, आणि त्यावरचा हातखंडा उपाय म्हणजे युरिया. खरे तर हिराकसची फवारणी हवी होती. गाठीतल्या त्या लाल रंगातही लोह आहे, नायट्रोजिनेजमध्येही लोह आहे. लोहाअभावी आधीच मंद झालेल्या गाठींना युरिया देऊन आपण पूर्णच सुट्टी देतो.

आता पैशाची बाजू. भुईमुगाच्या दाण्यात सुमारे पाव भाग प्रथिने असतात. हेक्टरी २ टन शेंगा धरा. टरफल गेल्यावर १,४०० किलो दाणे, त्यात साडेतीनशे किलो प्रथिने, आणि त्या प्रथिनांत साधारण ६४ किलो नायट्रोजन. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जवळपास २१ किलो नायट्रोजन असतो आणि ती गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. म्हणजे हेक्टरभर दाण्यांतल्या सगळ्या नायट्रोजनची बाजारातली किंमत तीन गोण्या, आठशे रुपये. उद्या एखाद्या पैदासकाराने पंधरा वर्षे घालून या कामात पाचव्या हिश्शाची वाढ करणारे वाण काढले, तर शेतकऱ्याच्या हिशेबी त्याने हेक्टरी दीडशे रुपये वाचवले. दीडशे रुपयांसाठी कोणी बियाणे बदलत नाही. युरियाची खरी किंमत यापेक्षा कितीतरी जास्त आहे आणि ती सरकारी तिजोरीतून जाते, पण तिजोरीतून गेलेला पैसा बांधावर दिसत नाही. मातीआडचा गुण आणि तिजोरीआडचा खर्च असे दोन न दिसणारे आकडे समोरासमोर येतात, तेव्हा निर्णय तिसऱ्याच, दिसणाऱ्या आकड्यावर होतो. नाशिक जिल्ह्यात मालेगाव-येवल्याकडे मका आणि निफाड-दिंडोरीकडे सोयाबीन ज्या वेगाने पसरले, त्यात भुईमुगाची मजुरी आणि शेंगा तोडण्याचा खर्च याचा जेवढा विचार झाला, त्याच्या शतांशही जमिनीच्या नत्राचा झाला नसेल. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्यासमोर ठेवलेल्या किमती त्याने बरोबर वाचल्या.

आणि बेवडाच्या श्रद्धेलाही एकदा तपासून घेतले पाहिजे. हरभऱ्याची मुळे जमिनीत राहतात. भुईमूग मुळांसकट उपटला जातो. शेंगा घरी जातात, पाला गोठ्यात जातो, आणि तो उत्तम चारा असल्यामुळे जायलाच हवा. रानात उरते काय? गळलेली पाने, तुटलेल्या मुळ्या, कुजलेल्या गाठी. हवेतून कितीही नायट्रोजन आणला तरी तो शेतातून उचलून नेल्यावर जमीन श्रीमंत कशी होणार? शेणखत परत त्याच रानात आले तर हिशेब जुळतो, गाय विकली असेल तर जुळत नाही. टीएजी-२४सारख्या वाणाने कमाईचा वाटा शेंगेत सरकवला तेव्हा पुढच्या पिकाचा वाटा त्या प्रमाणात घटला, असेही म्हणता येईल. तो वाटा गेला म्हणून कुणी तक्रार केली नाही, कारण पुढचे पीक बोलत नाही आणि खंडाने घेतलेल्या रानात पुढच्या वर्षीचा शेतकरी कदाचित दुसराच असतो.

म्हणून मला वाटते, नायट्रोजनसाठी भुईमुगाची पैदास करायचीच असेल तर ती कसदार प्रक्षेत्रावर करू नये. सुरगाणा-पेठच्या उताराची, वरचा थर वाहून गेलेली, उपाशी वरकस रानेच त्यासाठी घ्यावीत. संकराची दुसरी-तिसरी पिढी तिथे नत्राशिवाय, फक्त स्फुरद आणि जिप्सम देऊन पेरावी. दर काही ओळींमागे गाठ न धरणाऱ्या त्या वांझ भुईमुगाची एक ओळ असावी. स्थानिक जिवाणू जसे असतील तसे असू द्यावेत, कारण शेतकऱ्याच्या नशिबी तेच आहेत. पहिल्या वर्षी शेंगा आणि पाला वेगवेगळे जोखावेत, आणि दुसऱ्या वर्षी त्याच ओळींवर, खताचा दाणाही न टाकता, नागली लावून तिचे उत्पादन ओळीनुसार मांडावे. भुईमुगात मागे पडलेली एखादी ओळ नागलीत पुढे येईल. ती ठेवायची की टाकायची, हा पैदासशास्त्राच्या पुस्तकात न बसणारा निर्णय तिथे घ्यावा लागेल, आणि तो घेताना शेजारी नागली खाणारा माणूस बसलेला असावा. अशा कामात एका हंगामाच्या जागी दोन हंगाम जातात, म्हणजे दहा वर्षांत निघणारे वाण वीस वर्षांवर जाते. नेमणूक, बदली आणि निवृत्ती यांच्या वेळापत्रकात वीस वर्षे बसवायची तर पहिली चिठ्ठी बांधणारा आणि शेवटचा प्रस्ताव लिहिणारा हे दोघे वेगळेच असणार.